पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, साफ केले तरी पुन्हा येतात: काय करायचं

"भावजी, पेनड्राइव्ह उघडला तर सगळ्या फोल्डरांवर बाण आलेत. आईंच्या ओव्यांचा फोल्डर उघडतच नाही."

वहिनींचा हा फोन जूनमध्ये आला. त्या वर्षातली ही तिसरी वेळ होती. आधी दोनदा त्यांनी गावातल्या एका दुकानात नेऊन 'व्हायरस काढून' आणला होता, त्याचे पैसेही दिले होते, आणि दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवसांत बाण परत आले होते. या खेपेला दुकानदार म्हणाला, फॉर्मॅट मारावा लागेल. वहिनींनी नको म्हटलं आणि मला फोन लावला. त्यांनी तसं केलं नसतं तर काय झालं असतं हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्या पेनड्राइव्हमध्ये माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ४१ फाइली होत्या. आई जाऊन ४ वर्षं झाली आहेत, आणि त्या फाइलींची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी १८ वर्षं एका शाळेचा संगणक कक्ष सांभाळतो. हा त्रास मी शेकडो वेळा पाहिला आहे, आणि दरवर्षी जून-जुलैत तो हमखास वाढतो. प्रवेशाचे दिवस, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो, सही, सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून लोक प्रिंट काढायला धावतात आणि घरी येताना बाण घेऊन येतात. एकदा नीट समजून घेतलं तर हा त्रास कायमचा थांबवता येतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी धीर धरा, डेटा बहुतेक जागेवरच असतो

फॉर्मॅट करू नका. बाणावर क्लिक करू नका. त्या पेनड्राइव्हवर नवीन काही टाकू नका. एवढं पाळलंत तर निम्मी लढाई जिंकलात.

आता 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि किती जागा वापरली आहे ते बघा. वहिनींच्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ११ जीबीच्या वर जागा वापरलेली दिसत होती. समोर मात्र एकेक केबीचे चार-पाच शॉर्टकट. मग ते ११ जीबी कुठे आहेत? तिथेच आहेत, फक्त लपवलेले. हा व्हायरस सहसा फाइली पुसत नाही. तो मूळ फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचा, तशाच चित्राचा शॉर्टकट पुढे मांडतो.

याची खात्री करायचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्यात विंडोजचा संबंधच येत नाही. दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारा ओटीजी अडॅप्टर घ्या आणि पेनड्राइव्ह अँड्रॉइड फोनला लावा. अँड्रॉइड हा लिनक्सच्या कुळातला. पेनड्राइव्हवर विंडोजने मारलेला 'हिडन'चा शिक्का तो सहसा जुमानत नाही, आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस त्याच्यावर चालत नाही. वहिनींनी पुतण्याच्या फोनला पेनड्राइव्ह लावला आणि मला फोनवर एकेक नाव वाचून दाखवायला लागल्या: आठवी पेपर, बारसं, एलआयसी... आणि मग थोडं थांबून, "भावजी, ओव्या दिसतायत." मी म्हटलं, आत्ता दुसरं काही करू नका, तो फोल्डर फोनमध्ये कॉपी करा, मग बोलू.

तुम्हीही तेच करा. जे परत मिळणार नाही ते आधी फोनमध्ये उतरवून घ्या आणि साफसफाई नंतर करा. उतरवताना फोटो, पीडीएफ, ऑडिओ, वर्डच्या फाइली घ्या. शॉर्टकट, आणि व्हीबीएस, जेएस किंवा ईएक्सई ने संपणारी अनोळखी नावं (ही प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइलींची असतात) घेऊ नका. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असेल तर जवळजवळ प्रत्येक फोन तो वाचतो. एनटीएफएस असेल तर काही फोन वाचत नाहीत, त्यांच्यासाठी कमांडचा मार्ग पुढे दिला आहे.

बाण परत का येतात

त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करा, फक्त राइट, आणि प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' नावाची चौकट बघा. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथे फाइलीचा साधा पत्ता असतो. इथे मात्र सीएमडी डॉट ईएक्सई पासून सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. मध्ये कुठेतरी व्हीबीएस किंवा जेएस ने संपणारं एखादं अगम्य नाव आणि शेवटी तुमच्याच फोल्डरचं नाव. म्हणजे तुम्ही डबल क्लिक केलंत की दोन गोष्टी होतात: आधी व्हायरस चालू होतो आणि लगेच तुमचा फोल्डरही उघडतो. फोल्डर उघडला म्हणून आपल्याला शंकाच येत नाही. कित्येक घरांत महिनोन्‌महिने हे असंच चालू असतं.

व्हायरसच्या काही जातींमध्ये चित्र थोडं वेगळं दिसतं. पेनड्राइव्ह उघडला की आत पुन्हा पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो. तिथे सगळ्या फाइली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवलेल्या असतात. फोल्डरचं नाव म्हणजे नुसती मोकळी जागा, म्हणून तो डोळ्यांना सापडत नाही. उपाय मात्र तोच.

एकदा चालू झालेला व्हायरस संगणकात स्वतःची प्रत ठेवतो, संगणक सुरू होताना आपणही सुरू होऊ अशी सोय करतो, आणि मग गप्प बसून वाट बघतो. नवा पेनड्राइव्ह लागला की काही सेकंदांत त्यावर बाण. दुकानदाराने वहिनींचा पेनड्राइव्ह दोन्ही वेळा स्वच्छ करून दिला होता हे खरंच आहे. तो घरच्या संगणकाला लागला आणि पुन्हा मळला. खरा आजारी होता घरचा संगणक, आणि त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून माझी पहिली चाचणी नेहमी हीच असते. बिनकामाचा, रिकामा पेनड्राइव्ह घ्या. शक्यतो फोनवरच तो फॉर्मॅट करा आणि त्यात 'चाचणी' नावाचा फोल्डर करून एखादा साधा फोटो टाका. घरच्या संगणकाला लावा, मिनिटभर थांबा, काढा, पुन्हा लावा. 'चाचणी'वर बाण आला तर संगणकात व्हायरस आहे आणि पेनड्राइव्ह कितीही वेळा धुतला तरी उपयोग नाही. बाण आला नाही तर संसर्ग बाहेरून येतो आहे: दुकान, ऑफिस, कॉलेजची लॅब, शेजाऱ्यांचा लॅपटॉप. हे दहा मिनिटांचं काम वगळून पुढे जाऊ नका. उपचार कुणावर करायचा हे त्यातूनच ठरतं.

नुसता पेनड्राइव्ह लावल्याने व्हायरस शिरतो का, असं खूप जण विचारतात. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात शिरायचा, ऑटोरनमुळे, म्हणजे पेनड्राइव्ह लागताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू करणाऱ्या सोयीमुळे. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही ते बंद झालं. त्याआधी २०१० मध्ये इराणच्या नतान्झमधल्या अणुप्रकल्पापर्यंत पोहोचलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने शॉर्टकटचं चित्र नुसतं दिसलं तरी चालू होण्याची पळवाट वापरली होती. मायक्रोसॉफ्टने ती ऑगस्ट २०१० मध्ये बुजवली. आज अपडेट असलेल्या संगणकावर आपल्या घरी येणारे बाण बहुतांशी आपल्याच क्लिकने आत शिरतात. ही एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे, कारण क्लिक आपल्या हातात आहे.

आधी संगणक

सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवा. वायफाय बंद करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'डिटेल्स'मध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई' असं नाव शोधा. हा मूळचा विंडोजचाच भाग आहे, पण घरगुती वापरात तो सतत चालू राहण्याचं काही कारण नसतं. कुठलाही प्रोग्रॅम उघडा नसताना तो चालूच दिसत असेल तर बहुधा व्हायरस त्याच्या खांद्यावर बसलेला आहे. तो निवडून 'एंड टास्क' करा.

मग 'स्टार्टअप' बघा. संगणक सुरू होताना कोण कोण उठतं त्याची ही यादी. प्रिंटर, साउंड, वनड्राइव्ह अशी ओळखीची नावं असू द्या. ज्याचं नाव म्हणजे अक्षरांचा गोंधळ आहे, ज्याच्या पुढे कंपनीचं नाव नाही, त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. ती फाइल 'अॅपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरमध्ये असेल आणि व्हीबीएस, जेएस किंवा अनोळखी ईएक्सई असेल तर तो आपला चोर असण्याची दाट शक्यता आहे. त्याला डिसेबल करा. ती फाइल लगेच पुसायची घाई नको. आधी स्कॅन होऊ द्या, म्हणजे इतर कुठे प्रती असतील त्याही सापडतील. टास्क शेड्युलरमध्येही एकदा नजर टाका, कारण काही व्हायरस दर काही मिनिटांनी स्वतःला उठवायची नोंद तिथे करून ठेवतात.

आता वायफाय परत चालू करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये आधी अपडेट घ्या. त्यानंतर स्कॅन सुरू करण्याआधी एक जागा जरूर बघा, कारण वहिनींच्या घरचं सगळं कोडं तिथेच सुटलं: 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये अगदी खाली 'एक्स्क्लूजन्स'. या यादीतल्या ठिकाणांकडे अँटिव्हायरस ढुंकूनही बघत नाही. वहिनींच्या संगणकात त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! म्हणजे आधी कुणी स्कॅन केलाही असेल, तरी 'काहीही सापडलं नाही' असंच उत्तर आलं असणार.

पुतण्याला शांतपणे विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. एक महागडा प्रोग्रॅम त्याने फुकट उतरवला होता आणि सोबतच्या व्हिडिओत सांगितलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा, मग सी ड्राइव्ह या यादीत घाला. पोरगं पंधरा वर्षांचं, सांगितलं तसं केलं. मी त्याला रागावलो नाही. पण घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट समजावून सांगा: 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं जो सांगतो तो आपल्याला कुलूप काढून झोपायला सांगतो आहे. मराठी टायपिंगसाठीसुद्धा लोक असले क्रॅक (विकतचे प्रोग्रॅम फोडून फुकट केलेले) उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड मुळातच असतो, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फुकट जोडता येतो.

यादी रिकामी केल्यावर आधी 'फुल स्कॅन' लावा. जुन्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. त्यानंतर 'ऑफलाइन स्कॅन'. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आतच साधारण १५ मिनिटांत तपासणी होते. व्हायरसला जागं व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून इतर स्कॅनमध्ये निसटणारे इथे सापडतात. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर' फुकट मिळतो. तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून दर वेळी नवा उतरवावा. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे. तिथेही व्हायरस काढायची फुकट साधनं आणि पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' मिळतं.

एक सूचना विकतच्या अँटिव्हायरसबद्दल. संगणक घेताना अँटिव्हायरस चालू करायची एक वर्षाची 'की' मिळालेली असते, वर्ष संपतं, आणि मग कोपऱ्यात लाल खूण कित्येक वर्षं तशीच राहते. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवून उपयोग नाही. एकतर मुदत वाढवा किंवा तो अनइन्स्टॉल करून विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू झाला आहे याची खात्री करा. दोन-दोन अँटिव्हायरस मात्र एकाच वेळी बसवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संगणक रडतखडत चालतो.

स्कॅन झाल्यावर पुन्हा 'चाचणी'चा पेनड्राइव्ह लावा. बाण नाही? मगच खरा पेनड्राइव्ह हातात घ्या.

मग पेनड्राइव्ह

फोनने पेनड्राइव्ह वाचला असेल आणि सगळं उतरवून झालं असेल तर सोपं आहे: तो स्वच्छ संगणकाला लावा, काहीही न उघडता त्यावर राइट क्लिक करून फॉर्मॅट करा, आणि उतरवलेला डेटा स्कॅन करून परत टाका. आता फॉर्मॅट करायला हरकत नाही, कारण प्रत हाताशी आहे. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवायची असेल तर 'एक्सफॅट' निवडा, फॅट ३२ मध्ये एवढी मोठी फाइल मावत नाही.

फोनने साथ दिली नाही तर कमांड. वहिनींना फोनवर सांगितली तशीच इथे अक्षरं फोडून सांगतो. पेनड्राइव्ह लावा आणि त्याला कुठलं अक्षर मिळालं आहे ते बघा. समजा जी. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजी जी आणि त्याला जोडून कोलन (एकावर एक दोन टिंबं) टाइप करून एंटर दाबा. ओळीच्या सुरुवातीला जी आलं की आपण पेनड्राइव्हच्या दारात उभे आहोत. आता इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं:

ए-टी-टी-आर-आय-बी, एक जागा, वजा आणि जोडून एच, एक जागा, वजा आणि जोडून आर, एक जागा, वजा आणि जोडून एस, एक जागा, तिरकी रेघ आणि जोडून एस, एक जागा, तिरकी रेघ आणि जोडून डी, एक जागा, मग चांदणी-टिंब-चांदणी.

आणि एंटर. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळेवरची, दुसरी नव्हे. चांदणी म्हणजे शिफ्ट धरून ८. कमांडचं नाव 'अॅट्रिब', आणि ती तो मारलेला शिक्का पुसते. एच म्हणजे हिडन, एस म्हणजे सिस्टिम. या दोन्ही अक्षरांपुढे वजा हवाच. नुसता हिडन काढायला गेलात तर 'नॉट रीसेटिंग सिस्टिम फाइल' असं बजावून ती जागची हलत नाही. खूप जण इथेच अडकतात आणि कमांड चालत नाही म्हणून सोडून देतात. शेवटच्या एस आणि डीमुळे आतल्या सगळ्या फाइली आणि फोल्डरही मोकळे होतात. फाइली जास्त असतील तर काही मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटेल. थांबा, खिडकी बंद करू नका.

मनापासून विनंती: एंटर दाबायच्या आधी ओळीच्या सुरुवातीचं अक्षर पुन्हा बघा. तिथे सी असेल तर दाबू नका. ही कमांड सी ड्राइव्हवर चालवायची नसते, तिथल्या फाइलींवरचे शिक्के विंडोजने स्वतःच्या सोयीसाठी मारलेले असतात.

आता पेनड्राइव्हमध्ये मूळ फोल्डर आणि खोटे शॉर्टकट दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील. बिननावाचा फोल्डर दिसला तर तुमचा डेटा त्यात आहे. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून फाइलींची पूर्ण नावं, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसतील असं करून ठेवा. ही सेटिंग मी प्रत्येक घरात कायमची चालू करतो, कारण फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई त्याशिवाय ओळखूच येत नाही. मूळ फोल्डर संगणकावर कॉपी करा, स्कॅन करा, मग पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा.

'यू नीड टू फॉर्मॅट द डिस्क' असा निरोप येत असेल तर मात्र तो वेगळा आजार आहे. बाणांचा त्याच्याशी बहुधा संबंध नसतो, पेनड्राइव्हची फाइलींची नोंदवही फाटलेली असते. तेव्हा 'कॅन्सल' दाबा आणि फोटोरेकसारख्या फुकट साधनाने डेटा बाहेर काढायचा प्रयत्न करा. काढलेला डेटा त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका.

दुकानात जाताना

झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाचा यात दोष काढायचा नाही. त्याच्या संगणकाला दिवसात शंभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. काळजी आपणच घ्यायची.

प्रिंटसाठी लहानसा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर फक्त त्या दिवशीची पीडीएफ, दुसरं काही नाही. घरी आल्यावर तो संगणकाला लावायचा नाही, फोनला लावून फोनवरच फॉर्मॅट करायचा. वहिनींनी त्याला लाल लोकरीचा गोंडा बांधला आहे आणि तो चपलांच्या कपाटाच्या खुंटीला अडकवलेला असतो. बाहेरच्या चपला बाहेर, तसा बाहेरचा पेनड्राइव्ह बाहेर, हे घरात लहानांनाही कळलं. मला ही त्यांची युक्ती इतकी पटली की शाळेतही आम्ही गोंडे बांधले.

पेनड्राइव्ह टाळून फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली तर व्हायरसचा धोका जातो, पण दुसरा येतो. आधार कार्ड, पॅन, बँकेचं पासबुक त्या दुकानाच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला नाव आणि वय ठाऊक आहे त्याला तो अंदाजाने उघडता येतो. म्हणून जिथे चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. प्रिंट निघाल्यावर समोर उभं राहून फाइल पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. संकोच करू नका, कागद आपला आहे. आणि तिथे स्वतःचं व्हॉट्सअॅप वेबवर उघडलं असेल तर फोनच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉग आउट करूनच पायरी उतरा.

ओव्या आता कुठे आहेत

बाणांचा व्हायरस फाइली फक्त लपवतो, म्हणून आपण सुटलो. त्याच मार्गाने येणारे सगळे इतके सौम्य नसतात. क्रॅक सॉफ्टवेअरमधून घरगुती संगणकांत शिरणाऱ्या 'स्टॉप' कुळातल्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, असंख्य लोकांचे फोटो कुलूपबंद केले. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे एक विचित्र शेपूट, सोबत 'रीडमी' नावाची चिठ्ठी, आणि कित्येक वर्षं मागणी ठरलेली: ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे. असं झालं तर पैसे देऊ नका. २०१६ मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. तिथे काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या मिळत नाहीत. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पण किल्लीवर भरवसा ठेवून कसं चालेल? प्रत हवी. जुना नियम आहे: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, १ घराबाहेर. आम्ही तो असा पाळतो. एक प्रत वहिनींच्या संगणकात. दुसरी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क महिन्याच्या पहिल्या रविवारी लागते, कॉपी होते आणि काढून कपाटात जाते. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर, जिथे १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत. ४१ ओव्या तिथे सहज मावल्या, आणि पुण्याच्या बहिणीच्या लॅपटॉपमध्येही एक संच गेला.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हला फोल्डर जोडून ठेवला म्हणजे बॅकअप झाला असं मानू नका. ते संगणकातला बदल जसाच्या तसा वर नेतात. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, काही दिवस ट्रॅशमध्ये राहते, मग संपलं. म्हणून आम्ही ओव्यांचा संच ब्राउझरमधून हाताने चढवला, जोडलेल्या फोल्डरमधून नाही. आणि पेनड्राइव्हला जपणुकीची जागा कधीच समजू नका. तो हरवतो, पाण्यात जातो, एक दिवस अचानक ओळखच देत नाही. बाजारात कवडीमोलाने मिळणारे १-२ टीबीचे पेनड्राइव्ह तर सर्रास खोटे असतात. आत असते थोडीच जागा, ती भरल्यावर पुढच्या फाइली नावाला दिसतात पण उघडत नाहीत. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट साधन खरी जागा किती ते सांगतं.

प्रत घेतल्यावर त्यातली एखादी फाइल उघडून बघा. आम्ही दर वेळी एक ओवी लावतो.

एवढं करूनही बाण आले तर

विंडोज कुठलं आहे ते बघा. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज १० वर असाल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. अपडेटला कंटाळू नका. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरची लस मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती.

विंडोज ११ ची २४एच२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे व्हीबीएस फाइली चालवणारा भाग, काढून टाकता येतं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते हळूहळू बंद करत आहे. घरात त्याची गरज लागल्याचं मला आठवत नाही, आणि बाणांच्या बऱ्याच जातींचे पाय त्यानेच मोडतात.

घरातला दुसरा संगणक, जुना लॅपटॉप, कॅमेऱ्याचं कार्ड, एमपीथ्री लावायला गाडीत ठेवलेला पेनड्राइव्ह, हे सगळं तपासलं का? एका शिक्षकांच्या घरी बाण दर आठवड्याला परत यायचे. शेवटी व्हायरस सापडला तो गाडीतल्या अभंगांच्या पेनड्राइव्हमध्ये. दर रविवारी त्यात नवे अभंग भरायला तो संगणकाला लागत होता. घरातली यूएसबीला लागणारी प्रत्येक वस्तू एकाच दिवशी साफ झाली पाहिजे. एक जरी सुटली तरी चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तेही झालं असेल तर डेटा बाहेर काढून 'रीसेट धिस पीसी' करा, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडून. हे करण्याआधी बाहेर काढलेला डेटा खरंच उघडतो आहे ना हे दुसऱ्या संगणकावर बघून घ्या. नंतर डेटा परत टाकताना फक्त कागदपत्रं, फोटो आणि ऑडिओ टाका. जुन्या सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली टाकू नका, त्या त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच नव्याने उतरवा.

मदत मागताना तीन गोष्टींचे फोटो काढून ठेवा: शॉर्टकटच्या टार्गेटची पूर्ण ओळ, टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, आणि विंडोज सिक्युरिटीतली 'प्रोटेक्शन हिस्टरी'. टार्गेटची ओळ लांब असते, चौकटीत पूर्ण दिसत नाही. कर्सर आत नेऊन उजव्या बाणाची कळ दाबत पुढे सरका आणि दोन-तीन फोटोंत ती पूर्ण घ्या. व्हायरसच्या फाइलीचं नाव त्या ओळीच्या मध्यावर असतं.